रुग्णऋण आणि शल्यचिकित्सकाचा स्वाध्याय

पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, वैद्यक परिषदेकडे रीतसर नोंदणी असलेल्या आणि अनेक वर्षे शस्त्रक्रिया करून नावारूपाला आलेल्या शल्यचिकित्सकावर पुन्हा शिकण्याचे बंधन कोठून येते, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटला तरी मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. कायद्याने त्याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरांकडून दर पाच वर्षांत किमान ३० तासांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाची अपेक्षा केली, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तेवढ्याच काळात ३० क्रेडिट पॉइंटांची अट घालते. निरंतर वैद्यकीय शिक्षण, म्हणजे व्यवहारात ज्याला सगळे ‘सीएमई’ म्हणतात ते, परिषदा, व्याख्याने, कार्यशाळा आणि प्रत्यक्ष हाताने सराव करण्याचे वर्ग अशा अनेक रूपांत चालते. मात्र ३० हा आकडा बंधन किती आहे एवढेच सांगतो. ते का आहे, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही.

या ‘का’चे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, वैद्यकाचे ज्ञान सतत बदलते आणि जुन्या ज्ञानावर विसंबणारा मागे पडतो. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण ज्ञान वकिलाचेही बदलते, अभियंत्याचेही बदलते आणि सनदी लेखापालाचेही बदलते. शल्यचिकित्सकाचे वेगळेपण त्याच्या ज्ञानाच्या वेगात नसून ते ज्ञान ज्या मार्गाने हातात उतरते त्या मार्गात आहे. त्याचे कौशल्य दुसऱ्या माणसाच्या शरीरावर घडते, आणि ते शरीर अशा माणसाचे असते जो कोणाला काही शिकवायला आलेला नसतो, स्वतः बरे व्हायला आलेला असतो. म्हणून शल्यचिकित्सकाचे आजन्म शिकणे ही प्रगतीची हौस किंवा परवान्याची अट म्हणून नव्हे, तर ऋणफेड म्हणून समजून घेतले पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

भारतीय परंपरेतील ऋणकल्पना या विचाराला आधार देते. मनुष्य जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन येतो असे वैदिक वाङ्मय मानते, आणि शतपथ ब्राह्मण त्यांत मनुष्यऋणाची भर घालते. यांपैकी ऋषिऋणाची फेड कशी होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या ऋषींनी विद्या दिली त्यांना ती परत देण्याची सोय नाही. ते केव्हाच निघून गेलेले असतात. ते ऋण अध्ययनाने फिटते, म्हणजे मिळालेली विद्या जिवंत ठेवून पुढे नेल्याने फिटते. देणे एकाचे आणि फेड मात्र दुसऱ्याच्या हाती पोचणारी, अशी ही रचना आहे. ज्या रुग्णाच्या शरीरावर शल्यचिकित्सकाचा हात तयार झाला, त्या रुग्णाचे देणेही असेच असते. तो रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, किंवा बरा न होताच गेलेला असतो. त्याला काही परत करता येत नाही, आणि जे करता येते ते त्याच्यानंतर येणाऱ्या रुग्णासाठीच. या देण्याला रुग्णऋण म्हणता येईल.

हे ऋण शक्य तितके लहान ठेवण्याची धडपड फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्या’ या विषयाला वाहिलेला आहे. योग्या म्हणजे रुग्णाला हात लावण्यापूर्वी निर्जीव वस्तूंवर करावयाचा शस्त्रकर्माचा सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड आणि काकडी यांवर करावा, फोडण्याचा पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर, शिरा वेधण्याचा मृत जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठावर, नाडीव्रणाचा मार्ग शोधण्याचा किडीने पोखरलेल्या लाकडावर व वेळूवर, टाके घालण्याचा कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडांवर आणि पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर, असा तपशील तेथे येतो. सर्व शास्त्र अवगत असलेला शिष्यही योग्येवाचून कर्माला अपात्रच ठरतो, असा त्या अध्यायाचा निर्वाळा आहे. आजच्या कौशल्य-प्रयोगशाळेतील सिलिकॉनची आतडी आणि संगणकीय सिम्युलेटर ही त्याच विचाराची पुढची रूपे होत. तथापि भोपळ्यातून रक्त येत नाही आणि सिम्युलेटरला वेदना होत नाहीत. सराव कितीही झाला तरी एक दिवस पहिला रुग्ण टेबलावर येतोच, आणि त्या क्षणी ऋणाला आरंभ होतो.

नवे तंत्र येते तेव्हा हा आरंभ पुन्हा होतो, आणि अनुभवी शल्यचिकित्सकही त्या तंत्रापुरता नवशिका ठरतो. दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याचे ठळक उदाहरण आहे. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये आणि फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये ती केली, मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ती भारतात आणली. मोठ्या छेदाऐवजी चार लहान छिद्रे, कमी वेदना आणि लवकर घरी जाणे, हे तिचे लाभ इतके उघड होते की जगभरातील सर्जन अल्प मुदतीच्या वर्गांना गर्दी करू लागले, आणि अनेक जण दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर आपापल्या गावी जाऊन ती करू लागले. या शस्त्रक्रियेत पित्ताशयाची स्वतःची लहान नलिका कापायची असते आणि यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका सुखरूप ठेवायची असते. या दोन्ही नलिका एकमेकींच्या अगदी जवळ असतात. सूज असेल, किंवा पित्ताशय चुकीच्या दिशेने ओढले गेले असेल, तर मुख्य नलिकाच लहान नलिकेसारखी दिसू लागते. त्यात पडद्यावरचे चित्र सपाट असते आणि बोटांना ऊतीचा स्पर्श मिळत नाही. मुख्य नलिका कापली गेल्यास चार दिवसांत बरा होणारा रुग्ण कावीळ, संसर्ग आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रिया यांत वर्षानुवर्षे अडकू शकतो.

अमेरिकेतील ‘सदर्न सर्जन्स क्लब’ या गटाने १९९१ मध्ये अशा १,५१८ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक शल्यचिकित्सक गटाच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के होते, आणि त्यानंतरच्या रुग्णांत ते ०.१ टक्का होते. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच ऋणाचे माप होय. चौदाव्या रुग्णाला जी सुरक्षितता लाभली, तिची किंमत आधीच्या तेरा जणांनी जोखमीच्या रूपाने भरली होती. एकूण हिशेब केला तर समाजाचा लाभच झाला, असा उपयुक्ततावादी युक्तिवाद, म्हणजे अधिकांचे अधिक हित साधणारी कृती योग्य मानणारा युक्तिवाद, येथे करता येतो; परंतु लाभ एकाला आणि हानी दुसऱ्याला झालेली असताना बेरीज जमेची आहे, एवढ्याने हानी सोसणाऱ्याचे देणे चुकते होत नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांटचा दंडक या बेरजेला अडवतो. आपण पहिल्या तेरांपैकी एक आहोत हे रुग्णाला सांगणे, शेजारी जाणकार उभा ठेवणे आणि अडचण येताच छेद घेऊन जुन्या पद्धतीकडे वळणे, या गोष्टी म्हणूनच सौजन्याच्या नव्हेत, कर्तव्याच्या ठरतात.

रुग्णाने संमती दिली आणि सर्जनने उपचार दिला, मग ऋण उरते कोठे, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु संमतीपत्रावर सही करणारा रुग्ण उपचाराला संमती देतो. त्याच्या शरीरातून सर्जनच्या हाताला जे शहाणपण मिळते, त्याचा त्या व्यवहारात मोबदला ठरलेला नसतो. फी उपचाराची चुकती होते, शिकवणीची होत नाही. जे मिळाले पण ज्याची किंमत दिली गेली नाही, त्यालाच तर ऋण म्हणतात.

हे मान्य केले की पुढचा प्रश्न उभा राहतो तो फेडीच्या रीतीचा. सभागृहात बसून व्याख्यान ऐकल्याने हे ऋण फिटते का? डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केलेल्या पुनरावलोकनाचा निष्कर्ष असा होता की, केवळ व्याख्यानांच्या कार्यक्रमांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात बदल होताना दिसत नाही. ज्यांत सहभाग, सराव आणि चर्चा असते त्यांनी तो होऊ शकतो. केवळ वर्षे लोटल्यानेही काम सुधारते असे नाही. प्रॅक्टिसची वर्षे वाढत जातात तसा कामाचा दर्जा अनेक बाबतींत घसरू शकतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पुनरावलोकनात आढळले. ज्याचे काम कोणी पाहत नाही, त्याची सवय अनुभवाने पक्की होते, आणि पक्की झालेली सवय बरोबरच आहे असे त्याला वाटू लागते.

येथे चरकसंहितेतील ‘तद्विद्यसंभाषा’ ही संकल्पना मोलाची आहे. एकाच विद्येच्या जाणकारांनी आपसांत केलेली चर्चा, असा तिचा अर्थ असून विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तिचे दोन प्रकार सांगितले आहेत: मैत्रीभावाने होणारी संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने होणारी विगृह्यसंभाषा. पहिल्या प्रकारात निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, हार झाली तर खिन्न होऊ नये आणि जीत झाली तर मिरवू नये, असा उपदेश आहे. आजच्या शल्यपरिषदेला याच निकषावर पारखता येते. ज्या सत्रात केवळ यशस्वी शस्त्रक्रियांच्या चित्रफिती दाखवल्या जातात, तेथे विद्येची देवघेव होते तशी प्रतिष्ठेचीही होते. ज्या सत्रात फसलेली शस्त्रक्रिया समोर ठेवून कोणत्या क्षणी काय चुकले याचा शोध घेतला जातो, तेथे ऋण फिटू लागते.

मिशिगनमधील २० स्थूलता-शल्यचिकित्सकांनी आपल्या एकेका शस्त्रक्रियेची चित्रफीत समव्यावसायिकांपुढे ठेवली आणि करणाऱ्याचे नाव माहीत नसताना त्यांनी तिला गुण दिले, असा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांश सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते आणि सर्वांत जास्त गुण मिळालेल्यांच्या रुग्णांत ५.२ टक्के. जे रुग्णाला भोगावे लागते, ते समव्यावसायिकाच्या डोळ्यांना एका चित्रफितीतही दिसते, एवढे यातून सिद्ध होते. आणि दिसत असूनही दाखवून न घेणे हा मग निव्वळ संकोच राहत नाही.

दाखवून घेण्याच्या आड अहंकार येतो, आणि त्यावरचा उपाय धर्मपरंपरांनी व्यवस्थेतच शोधला आहे. बौद्ध संघात वर्षावासाच्या अखेरीस ‘पवारणा’ नावाचा विधी होतो. त्यात भिक्खू हात जोडून संघाला तीनदा विनंती करतो की, आपल्याविषयी काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर करुणेपोटी सांगावा, म्हणजे तो सुधारता येईल. विनयपिटकातील व्यवस्थेनुसार ही विनंती प्रथम ज्येष्ठ भिक्खू करतो आणि मग कनिष्ठ. ज्येष्ठाने आधी वाकावे, हा या विधीचा गाभा आहे. कारण कनिष्ठाचा दोष सगळेच दाखवतात, ज्येष्ठाचा दोष त्याने स्वतः मागितल्याशिवाय कोणी बोलत नाही. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शल्यविद्येत असेच काही मागितले होते. प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतरचा अंतिम परिणाम नोंदवावा, झालेल्या चुका जाहीर कराव्यात आणि बढती ज्येष्ठतेवर नव्हे तर परिणामांवर द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी १९११ मध्ये काढलेल्या स्वतःच्या लहान रुग्णालयातील ३३७ रुग्णांच्या नोंदींत १२३ चुका आढळल्या आणि त्या त्यांनी छापून प्रसिद्ध केल्या. समकालीनांनी त्यांना दूर लोटले, परंतु मृत्यू आणि गुंतागुंत यांचा आढावा घेणाऱ्या ज्या बैठका आज शिक्षण-रुग्णालयांत भरतात, त्यांच्या मागे हीच प्रेरणा आहे.

या दृष्टीने पाहता परिषदांतील काही प्रथा ऋण फेडण्याऐवजी वाढवतात. सभागृहात थेट दाखवल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत सर्जनचे लक्ष रुग्ण आणि प्रेक्षक यांच्यात विभागले जाण्याचा धोका असतो, आणि टेबलावरचा माणूस पुन्हा एकदा इतरांच्या शिक्षणाचे साधन बनतो; संपादित चित्रफितीतून तेच शिकता येत असेल, तर हा धोका पत्करण्याचे समर्थन करणे कठीण आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही २०२४ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली. औषध कंपन्यांच्या खर्चाने परिषदेला जाण्याच्या प्रथेला २००९ मधील नियमदुरुस्तीने मनाई केली, तिचाही नैतिक आधार हाच आहे: रुग्णाचे देणे फेडण्यासाठी तिसऱ्याचे मिंधे होणे म्हणजे एक ऋण फेडताना दुसरे अंगावर घेणे होय.

तालुक्याच्या गावी एकटाच सर्जन असेल तर त्याने दोन दिवस गाव सोडून परिषदेला जाणे, हा रुग्णांवर अन्याय नव्हे काय, असाही प्रश्न उरतो. त्याचे उत्तर फेडीच्या साधनांत आहे, फेडीच्या गरजेत नाही. अशा सर्जनने आपल्या शस्त्रक्रियांची चित्रफीत दूरच्या सहकाऱ्याला दाखवली, गुंतागुंत झालेल्या रुग्णांची वही ठेवली आणि वर्षातून एकदा ती जाणकारापुढे उघडली, तर सभागृहात मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा ते अधिक खरे शिक्षण ठरेल. त्याच्या गैरहजेरीत रुग्णांची सोय करणे ही मात्र त्याची एकट्याची नसून आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे, कारण त्याच्या हाताचे शहाणपण सगळा तालुका वापरत असतो.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य विद्या पूर्ण करून निघालेल्या शिष्याला स्वाध्यायात हयगय करू नकोस असे बजावतो, म्हणजे शिक्षण संपल्याच्या क्षणीच शिक्षणाची आज्ञा देतो. शल्यचिकित्सकाच्या बाबतीत या आज्ञेला आणखी एक कारण मिळते. तो एका रुग्णाचे देणे पुढच्या रुग्णाला चुकते करतो आणि ते करत असतानाच त्याच्याकडूनही नवे काही शिकतो, म्हणून हे खाते कधीच बंद होत नाही. ते बंद होत नाही यात निराश होण्यासारखे काही नाही. जो सर्जन ते उघडे ठेवतो, तो आपला हात अजून सुधारू शकतो हे मान्य करतो, आणि रुग्णाने त्याच्यावर टाकलेल्या विश्वासाचा पाया हीच मान्यता आहे. म्हणून परिषदेहून परतलेल्या शल्यचिकित्सकाने किती पॉइंट मिळाले याचा हिशेब जरूर ठेवावा, पण त्याच्या कामाचे माप एका साध्या प्रश्नाने व्हावे: उद्या ज्याच्यावर शस्त्रक्रिया होणार आहे, त्याच्यासाठी कालच्यापेक्षा वेगळे आणि अधिक चांगले असे नेमके काय केले जाणार आहे? या प्रश्नाला ठोस उत्तर असेल, तर त्या दोन दिवसांत रुग्णऋणाचा एक अंश फिटला असे म्हणता येईल.