रिकामी कुंडी



एखादे झाड मेले आहे की नुसते झोपले आहे, हे कसे ओळखायचे? कोयनानगरात कंदांची बाग करणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी पडतो.

मे महिन्यात वळवाच्या सरी पडल्या की कोरड्या मातीतून फुटबॉल लिलीचा दांडा वर येतो. आधी फूल, मग पाने. तो लालभडक चेंडू जेमतेम आठवडाभर टिकतो. येणारा-जाणारा त्याचे कौतुक करतो. मग पावसाळा लागतो. आपल्या खोऱ्यात वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. वाफ्याला उतार नसेल तर कंद सडून जातात. या दिवसांत लिलीला नुसती पाने असतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही; पण तीच अन्न तयार करून कंदात साठवतात. फूल सरले म्हणून हिरवी पाने छाटणारा माणूस पुढच्या वर्षीचे फूलच छाटत असतो. थंडीत पाने पिवळी पडतात आणि कुंडी रिकामी दिसू लागते.

रानातली कळलावीही तशीच. पावसाळ्यात तिची फुले ज्वाळेसारखी दिसतात, नंतर वेल वाळून नाहीशी होते. उन्हाळ्यात वरून वणवा गेला, तरी मातीखालचा कंद बहुधा वाचतो.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी अशीच एक कुंडी उकिरड्यावर उपडी केली. दोन महिने तिच्यात पान नव्हते. मे महिन्यात त्याच उकिरड्यावर लाल चेंडू उमलला. शेजारी हसले, मला मात्र लाज वाटली. पुढच्या वर्षी मी उलटी चूक केली. कंद लवकर जागा व्हावा म्हणून रोज पाणी घातले. झोपलेला कंद पाणी पीत नाही. तो सडला.

माणसांच्या बाबतीत आपण याच दोन चुका करतो. पती गेल्यापासून कोणाशी न बोलणारी एखादी मावशी, नोकरी सुटल्यापासून मिस्साला न येणारा एखादा तरुण. ‘त्याच्यात आता काही राहिले नाही,’ असे म्हणून आपण त्याला सोडून देतो. नाहीतर रोज इतका उपदेश ओततो की तो आणखी खचतो.

मग नुसते थांबून राहायचे का? तेही बरे नाही. ‘वेळ आली की सुधारेल,’ असे म्हणणे ही पुष्कळदा आपली टाळाटाळ असते. कंद जिवंत आहे का, हे बोटाने हलकेच दाबून कळते: टणक असेल तर जिवंत, पिचपिचीत असेल तर सडलेला. पण त्यासाठी मातीत हात घालावा लागतो. माणसाकडेही जावे लागते, त्याच्या ओट्यावर बसावे लागते, न बोलता चहा घ्यावा लागतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराचे झाड आठवा. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण स्वस्थ बसण्यासाठी नव्हे, तर आळे खणून खत घालण्यासाठी.

कंदाबद्दलचा निर्णय बोटाने होतो. माणसाबद्दलचा अखेरचा निर्णय आपल्या हाती दिलेला नाही. आपल्या हाती आहे ते आळे.

या आठवड्यात आपण कोणाच्या दारी जाणार आहोत?