साखरेचा आकडा आणि दोषाचा प्रश्न

गुडघ्याच्या सांधारोपणासारखी, तारीख आधी ठरवता येणारी शस्त्रक्रिया रक्तातील साखर आटोक्यात नाही म्हणून पुढे ढकलली जाते, तेव्हा त्या निर्णयाआड एक नैतिक प्रश्न दडलेला असतो: साखर वाढली, याला जबाबदार कोण? हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण मोजणारी एचबीएवनसी चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. वाढलेल्या साखरेने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हे प्रमाण शक्यतो 8 टक्क्यांखाली असावे, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सुचवते. सल्ला योग्यच आहे. मात्र रुग्णाला तो पुष्कळदा आपल्या वागण्यावरचा निकाल वाटतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय असलेले शरीर, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना चेष्टा आणि दैव. तेथील विवेचनाचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणाकडे आहे, हे खरे. तरीही पाच कारणांपैकी एकाच्याच माथी सारे मारू नये, हा बोध येथेही लागू पडतो. गुडघा दुखतो म्हणून चालणे सुटते, चालणे सुटले की साखर चढते आणि साखर चढली म्हणून गुडघा तसाच राहतो; या फेऱ्यात एकट्या कर्त्याचा दोष वेगळा काढता येत नाही.

अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी ज्या अभ्यासक्रमाचा पाया घातला, त्यातून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे निदान व औषधयोजना करू शकणारी उच्चशिक्षित परिचारिका, हे पद उभे राहिले (तिच्या अधिकारांची व्याप्ती राज्यागणिक बदलते). शस्त्रक्रियापूर्व तपासणीत तिचे मोल कर्त्याखेरीज उरलेल्या कारणांच्या शोधात आहे: रात्रपाळीत जेवण कधी होते, इन्सुलिन परवडते का, रक्तक्षयामुळे आकडाच फसवा तर नाही ना. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते, कारण उपाशीपोटी साखर फारशी न चढताही रक्तात घातक आम्ले साचू शकतात. टाइप 1 मधुमेहात मात्र दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन उपाशी असतानाही बंद करून चालत नाही. हे नियम चिठ्ठीवर लिहून देणे सोपे असते. रुग्णाकडून ते वदवून घेणे, घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी पाहून मात्रा बदलणे, यासाठी माणसाजवळ बसावे लागते. इतके करूनही आकडा उतरला नाही, तर शस्त्रक्रिया कायमची नाकारणे अन्यायाचे ठरते. अशा वेळी धोका स्पष्ट सांगून शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि रुग्ण यांनी मिळून निर्णय घ्यावा, आणि तो घेताना रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या परिचारिकेलाही असावा.