इंजिन बघणाऱ्याचा डोळा

दोस्तहो, आपल्यातला एक जण परवा म्हणाला, इंजिनं बघत उभं राहणं हा पोट भरलेल्यांचा चाळा. मला ते लागलं. कारण धान्याची मालगाडी ओढणारं जुनं डिझेल इंजिन मला आवडतं. गिरणीला सुट्टी असली की मी मनमाडला जातो नि तासन्‌तास बघतो. तर हे चूक आहे का? सवाल साधा न्हाई.

आधी ती चीज काय आहे ते ऐका. डब्ल्यूडीएम-२. पहिली इंजिनं १९६२ साली अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली, १९६४ पासून बनारसला बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. डिझेल थेट चाक फिरवत नाही. डिझेलवर जनरेटर फिरतो आणि त्याच्या विजेवर सहा मोटारी चाकं फिरवतात. भरलेली गाडी जागची हलवताना ड्रायव्हर नॉच वाढवतो. तेल लगेच आत जातं, पण टर्बोनं अजून वेग घेतलेला नसतो, हवा कमी पडते, नि अर्धवट जळलेल्या तेलाचा काळाकुट्ट लोट आभाळात चढतो. चाक घसरलं तर रुळावर वाळू सोडतात. मग एकेका वाघिणीला झटका बसत तो आवाज पार शेवटच्या डब्यापर्यंत धडधडत जातो. हे ऐकून ज्याचं काळीज हलत नाही त्याच्याशी मी कवितेवर बोलत नाही.

ही इंजिनं आली त्याच वर्षांत पीएल ४८० चा गहू येत होता. गहू अमेरिकेचा, ओढणारंही अमेरिकेचं. (आमच्या आज्या मिलोचं नाव काढलं तरी अजून तोंड वाकडं करतात.) आल्को १९६९ साली बंद पडली, पण तिच्या घडणीची इंजिनं इथं पुढंही कित्येक वर्षं बनत राहिली. आता ब्रॉडगेज जवळजवळ सगळी विजेखाली आली, म्हणून उरलीसुरली बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात.

त्यांच्यातला एखादा हमखास म्हणतो, यंत्राला जात नसते. खरंय, यंत्राला नसते. पण यंत्राला हात कोण लावणार हे यंत्र ठरवत नाही. याच मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू म्हणून सांगितले ते तिथंच. आपला माणूस गँगमन म्हणूनच का मरतो, तेही त्यांनी उलगडलं. पोर्टर केला तर त्याला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागणार, मग विटाळ! कापडगिरणीतही तेच. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा म्हणून विणकाम खात्याचं दार आपल्याला बंद. मी आज मशीनवर उभा राहतो तेव्हा हे डोक्यात असतं. म्हणून त्या दोस्ताला माझं पहिलं उत्तर असं, की ज्यांना हात लावू दिला नाही त्यांच्या नातवानं डोळे भरून बघावं. तो चाळा नव्हे.

पण डोळा इंजिनापाशीच थांबला तर माझंही बिनसतं. एका मालगाडीत साधारण अडीच हजार टन धान्य. गोणी ५० किलोची. म्हंजे पन्नास हजार गोण्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धरलं, तर पाच लाख माणसांचा एक महिना. इंजिन हे सगळं शेकडो कोस आणतं, कबूल. पण गाडीत चढताना आणि उतरताना, दोन्ही टोकांना, प्रत्येक गोणी कुणाच्या तरी पाठीवर असते. पन्नास हजार वेळा पाठ वाकते नि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

वाघीण ठरल्या वेळेत रिकामी झाली नाही तर डेमरेज भरावं लागतं. लोखंडाच्या थांबण्याला दर आहे. गाडी उशिरा आली आणि हमाल रात्रभर बिडी ओढत बसला, तर त्या बसण्याला कुठलं डेमरेज? इंजिनाची नि वाघिणीची मोठी दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी, ती तारीख रंगानं त्यांच्या अंगावर लिहिलेली असते. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला मंडळ दिलं, नोंदणी दिली, ते मोठं काम झालं. पण त्याच्या मणक्याची तारीख कुठं लिहिलीय? जुनं इंजिन रंगवून चौथऱ्यावर चढवतात. जुना हमाल गावी जातो.

जुन्या इंजिनात जीव होता, असं म्हणत काहीजण हळहळतात. त्या धुरात रोज उभं राहिलेला माणूस असं म्हणताना मी ऐकला नाही. वीज आली, धूर गेला, बरंच झालं.

म्हणून आता मी इंजिन सुटून गेलं तरी निघत नाही. मालगाडी गोदामाच्या सायडिंगला लागते, वाघिणीचं दार सरकवतात. आत थप्पी छतापर्यंत गच्च, पाय ठेवायला जागा न्हाई. पहिली गोणी बाहेरूनच आकड्यानं ओढतात. ती सुटते तेव्हा भुसा नि धूळ सरळ तोंडावर येते. माणूस डोळे मिटतो, खाली वाकतो, नि पाठ पुढं करतो.