किंडरचं पठार कोणाचं?

मँचेस्टर आणि शेफील्ड या इंग्लंडमधल्या दोन कारखानी शहरांच्या मधोमध किंडर स्काउटचं पठार आहे. उंची ६३६ मीटर. वर झाडं जवळजवळ नाहीतच. वालुकाश्मावर पीटचा काळा, ओला थर, त्यावर हेदरची झुडपं आणि बाराही महिने पाऊस-धुकं. पाणथळ जागी पूर्ण न कुजता साठत गेलेलं शेवाळ म्हणजे हे पीट. ते मिलिमीटरभर वाढायला साधारण वर्ष लागतं.

हे रान एकेकाळी आसपासच्या गावांच्या वहिवाटीचं होतं. १८३०च्या दशकात ते शेजारच्या जमीनदारांमध्ये वाटलं गेलं आणि पुढे ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलं गेलं. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होई आणि जेमतेम चार महिने चाले. मज्जाव मात्र वर्षभर! खाली गिरण्यांच्या धुरात आठवडा काढलेल्या मजुराला रविवारी मोकळी हवा हवी असे, आणि वर काठी घेतलेला रखवालदार उभा असे. डोंगर खुले करण्याचं विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४मध्ये संसदेत मांडलं होतं. ते बारगळलं. पायवाटांसाठी भांडणाऱ्या संस्थांनी १८९७मध्ये किंडरच्या कडेने जाणारी ‘स्नेक पाथ’ ही वाट तेवढी मिळवली.

मग २४ एप्रिल १९३२चा रविवार उजाडला. बेनी रॉथमन हा गॅरेजमध्ये काम शिकणारा वीस वर्षांचा पोरगा. स्टेशनवर पोलीस अडवतील म्हणून तो मँचेस्टरहून सायकलनेच हेफील्डला पोचला. गावाबाहेरच्या दगडखाणीत त्याने भाषण केलं आणि सुमारे ४०० जण मज्जाव मोडून पठाराच्या दिशेने निघाले. चढावर रखवालदारांशी झटापट झाली, त्यात एका रखवालदाराचा घोटा दुखावला. मंडळी वर पोचली, पलीकडून आलेल्या शेफील्डकरांना भेटली आणि उतरली. खाली पोलीस वाटच पाहत होते.

परक्याच्या जमिनीत पाऊल टाकणं हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंगलखोर जमाव जमवल्याचे आरोप ठेवले गेले. प्राथमिक ज्यूरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदारांचाच भरणा होता. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले. पदभ्रमण करणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना हा आततायीपणा वाटला होता. पण शिक्षेने लोक खवळले आणि काही आठवड्यांतच कॅसलटनजवळच्या सभेला हजारोंची गर्दी लोटली.

१९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. १९८२मध्ये किंडर ‘नॅशनल ट्रस्ट’ या जतनसंस्थेने विकत घेतलं. मोकळ्या रानांत फिरण्याचा हक्क मात्र २०००च्या कायद्याने मिळाला. १९३२च्या त्या रविवारला ७० वर्षं झाली तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकने तेव्हा जमीनदार असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याआधी काही महिनेच गेला होता.

माणसं आली तर रानाची नासाडी होईल, हा जमीनदारांचा लाडका मुद्दा. पायांनी झीज होते, हे खरं. पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या वाटेवर चिखल इतका माजला की तिथे फरशा अंथराव्या लागल्या, त्यातल्या कित्येक पाडलेल्या कापडगिरण्यांमधून आणलेल्या. पण मोठा घाव धुराचा होता. ज्या धुराने मजुरांचा जीव घुसमटला, त्यातल्याच गंधकाने पठारावरचं स्फॅग्नम शेवाळ मारलं. वणवे आणि बेसुमार चराई यांनी उरलंसुरलं उघडं पाडलं. स्वतःच्या वजनाच्या कैक पट पाणी धरणारं हे शेवाळ गेलं, तसं पीट पावसाबरोबर घळींतून वाहू लागलं. आता घळींत दगडांचे बांध घातले जातात आणि मूठ-मूठ शेवाळ हाताने लावलं जातं. कुंपणांनी हे रान राखलं नव्हतं. ज्यांना तिथे पाऊल टाकता येतं, त्यांच्यातलेच कितीतरी आज स्वयंसेवक होऊन ते सावरत आहेत.

तरीही २०००च्या कायद्याने इंग्लंडची जेमतेम ८ टक्के जमीन खुली झाली. बहुतेक नद्या आणि पुष्कळशी वनं बाहेरच राहिली. शेजारच्या स्कॉटलंडने २००३मध्ये जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक जमीन आणि नद्या-तलाव सर्वांना मोकळे केले. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवावा लागला. तो मे २०२५मध्ये मान्य झाला.