देवाच्या नावाने दार कोणी लावले?



हल्ली मुक्कामाच्या ठिकाणी, टाळ खाली ठेवला की एक वाद हमखास कानी येतो. एक म्हणतो, "स्त्रियांचे हक्क, मानवी हक्क हे सारे परदेशचे खूळ, आपल्या धर्माला त्याचे काय?" दुसरा म्हणतो, "धर्म आहे तोवर बायकांना न्याय मिळणार नाही." आम्हांस वाटते, दोघांचेही थोडे चुकते.

पहिल्याला आम्ही १९४८ ची गोष्ट सांगतो. संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणे चालू होते. पहिल्याच कलमाच्या इंग्रजी मसुद्यात 'सारे पुरुष' असाही अर्थ निघावा, असा शब्द होता. मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसाबाई मेहता तेथे भारताच्या प्रतिनिधी होत्या. त्यांनी आग्रह धरला आणि त्या जागी 'सारी माणसे' असा शब्द आला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला तो जाहीरनामा मंजूर झाला. मग हे खूळ परदेशचे कसे? त्यात आपल्याच एका बाईचा हात आहे!

आता दुसऱ्याचे पाहू. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाचे दारही त्यांना लावले गेले. नाव घेतले धर्माचे. पण त्याच महिन्यात कैरोच्या अल्-अझहर या थोर धर्मपीठाचे प्रमुख इमाम अहमद अल्-तय्यब यांनी, ही बंदी इस्लामच्या शरियतीविरुद्ध आहे, असे जाहीर सांगितले. म्हणजे दार लावणाराही धर्माचे नाव घेतो, आणि ते उघडा म्हणणाराही धर्मच दाखवतो. मग खरा धर्म ओळखावा कसा? आमची खूण साधी आहे. जो लेकराला देवापासून आणि अक्षरापासून दूर लोटतो, त्याच्या तोंडी देवाचे नाव असले तरी पोटी सत्तेचा लोभ असतो.

दूरच्या तालिबानाला नावे ठेवणे सोपे आहे, बरं का. आपल्या घरचे काय? बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले, म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला; तरी त्यांनी तुकोबा सोडले नाहीत, संसारही सोडला नाही. सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न थेट विठोबापुढे मांडला. जनाबाईंना दळताकांडतानाच देव भेटला. या माउल्यांना आपण संत म्हणतो, त्यांचे अभंग गातो. आणि घरची लेक चार दिवस 'बाजूला' बसली की तिला देव्हाऱ्याकडे पाहू देत नाही! डोईवर तुळस घेऊन ती पंढरीपर्यंत चालते, मुक्कामाला भाकरी थापते, पण वीणा मागितली की म्हणतो, "ते पुरुषांचे काम." सांगा बरे, हे दार कोणी लावले? पांडुरंगाने तर नाही.

वाटेत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोर बाई की बुवा हे पाहत नाही. तोच नमस्कार घरी घेऊन जावा, एवढीच आमची विनंती. येत्या एकादशीला प्रत्येक दिंडीने एका तरी लेकीच्या गळ्यात वीणा द्यावी. आणि घरातल्या मुलीची शाळा कोणत्याही कारणाने सुटू देऊ नये. जगाचा वाद जगात चालेल. आपल्या उंबऱ्यावरचा आपण मिटवू.

रामकृष्ण हरि.