ती वाकलेली स्त्री आणि आपण



लूकच्या शुभवर्तमानात (१३:१०-१७) अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री भेटते. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला शब्बाथाचा नियम दिसला. प्रभू येशूला ती दिसली.

आपल्यातही कुणाचा पाठीचा कणा बाजूला वळलेला असतो. वळण ५० अंशांपुढे असेल तर मोठेपणीही हळूहळू वाढू शकते. ऑपरेशनमध्ये सळ्या व स्क्रू बसवून मणके जोडतात. कण्याला आधार मिळतो, पण जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही. वयानुसार धोकाही वाढतो. आणि आपण सहज म्हणतो, “श्रद्धा ठेव, ऑपरेशन कशाला?”

ऑपरेशन करणे म्हणजे अविश्वास नव्हे. न करणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. निर्णय त्या व्यक्तीचा. आपण डॉक्टरांकडे सोबत जाऊ या, घरी डबा पोहोचवू या, प्रार्थना करू या.