जिंकणाऱ्याला गीता कोण ऐकवणार? (गीता 2.38)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला 38 वा. ओळखीचाच आहे. सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय अशा तीन जोड्या भगवंत अर्जुनापुढे ठेवतात, दोन्हीकडे सारख्या नजरेने बघ म्हणतात, आणि लगेच सांगतात की आता लढायला उभा राहा.

हा श्लोक आपण कधी काढतो ते बघा. कोणाचं प्रमोशन हुकलं, कोणाचा उमेदवार पडला, की आपण लगेच म्हणतो, "सोड रे, जय-पराजय सारखेच." जिंकलेल्याला मात्र हे कोणी ऐकवत नाही. भगवंतांनी तर हे युद्ध सुरू व्हायच्या आधी सांगितलंय. तेव्हा हरलेलं कोणीच नव्हतं.

2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल 48 मतांनी लागला. "पुन्हा मोजा" आणि "हार मान्य करा" हा वाद तुमच्याही ग्रुपवर झाला असेल. मी आज मुद्दाम लांबचं आणि जुनं उदाहरण घेतोय. त्यात आपल्यापैकी बहुतेकांचा पक्ष नाही, त्यामुळे डोकं जरा थंड राहील. (न्यू जर्सीवाल्यांनी सांभाळून घ्या!)

7 नोव्हेंबर 2000. अमेरिकेत जॉर्ज डब्ल्यू. बुश विरुद्ध तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर. सगळं फ्लोरिडावर अडलेलं. रात्री गोर यांनी बुशना फोन करून हार मान्य केली. भाषणाला निघाले, तेवढ्यात आघाडी भराभर कमी होतेय असं कळलं, तेव्हा पुन्हा फोन करून ती मान्यता मागे घेतली. सुमारे 60 लाख मतांत बुश यांची आघाडी होती 1,784. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत म्हणून कायद्याप्रमाणे मशीनवर आपोआप फेरमोजणी झाली आणि आघाडी काहीशेवर आली. मग हाताने मोजायचं की नाही, यावर महिनाभर कोर्टकचेऱ्या.

भांडण कशावर, तर कागदाच्या कपट्यावर. बऱ्याच ठिकाणी मतदाराने कार्डाला टोचून भोक पाडायचं होतं. काही कार्डांचा कपटा पूर्ण सुटलाच नव्हता, एका कोपऱ्यावर लोंबत होता. काहींवर नुसता खळगा. हे मत धरायचं का? एक काउंटी हो म्हणे, दुसरी नाही.

आता आम्ही कोड लिहिणारे लोक एक साधी टेस्ट लावतो. दोन इनपुटची अदलाबदल करायची आणि नियम तसाच चालतो का बघायचं. इथे नावांची अदलाबदल करून बघा.

गोर यांच्या बाजूचं म्हणणं, मतदाराच्या मनात काय होतं ते बघा, कपटा लोंबत असला तरी मोजा. पण परदेशातल्या सैनिकांची टपाली मतं आली, बऱ्याच पाकिटांवर पोस्टाचा शिक्का नव्हता, तेव्हा त्यांच्याच वकिलांना नियम अक्षरशः पाळायचा होता. बुश यांची बाजू बरोबर उलट. सैनिकांच्या मतांना सवलत द्या, कपट्यांना नको. आणि ज्या टेक्सासचे ते गव्हर्नर, तिथल्या कायद्यात हाताने मोजणीही होती आणि लोंबता कपटा कसा धरायचा हेही लिहिलेलं होतं. म्हणजे दोन्हीकडे नियम आधी नव्हता, आकडा आधी होता. मला विचाराल तर आसक्ती म्हणतात ती हीच. पुन्हा मोजा म्हणण्यात ती असतेच असं नाही, आणि मोजणी थांबवा म्हणण्यात ती नसते असंही नाही.

गोर यांनी हाताने मोजणी मागितली ती चार काउंट्यांत. चारही त्यांच्या पक्षाकडे झुकणाऱ्या. पुढे, दोघांची तयारी असेल तर सगळ्या राज्याचीच मोजू असं त्यांनी जाहीरपणे सुचवलं, पण बुश तयार झाले नाहीत. 2001 मध्ये मोठ्या वृत्तसंस्थांनी मिळून मशीनने बाद ठरवलेली सगळी मतं तपासून घेतली. निष्कर्ष मजेशीर आहे. गोर यांनी मागितलेल्या चार काउंट्याच मोजल्या असत्या तर बुशच जिंकले असते. अख्ख्या राज्यातली सगळी बाद मतं एकाच नियमाने मोजली असती तर गोर अगदी थोड्या मतांनी पुढे गेले असते.

इथे मला द्यूतसभा आठवते. द्रौपदीने तिथे प्रश्न विचारला तो नियमाचाच होता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला, मग मला पणाला लावायचा त्याला अधिकार उरला होता का? भीष्मांनाही नीट उत्तर देता आलं नाही. तिच्या बाजूने उभा राहिला तो विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. जिंकलेल्या बाजूचा! पुढे युद्धात तो कौरवांकडूनच लढला आणि मेला. बाजू न सोडताही हिशोब चुकलाय असं म्हणता येतं.

12 डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी मोजणी थांबवली. त्या चार विरोधी मतांत एक डेव्हिड सूटर यांचं होतं, आणि सूटर यांना न्यायमूर्ती नेमलं होतं बुश यांच्या वडिलांनी. अधिकृत फरक राहिला 537 मतांचा.

दुसऱ्या दिवशी गोर बोलले. निकाल आपल्याला पटलेला नाही हे स्पष्ट सांगितलं, आणि तो आपण मानतो हेही. पटणं आणि मानणं ही आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं आहेत, ते बरंच आहे. लढायला सांगितलं होतं, ते लढून झालं होतं. देशभरात बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं मिळालेला माणूस हे बोलत होता.

पुढचा प्रसंग कमी लोकांना माहीत असतो. 6 जानेवारी 2001 ला संसदेत अंतिम मोजणी होती आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी गोरच. त्यांच्याच पक्षाचे खासदार एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेत होते, त्यांच्याचसाठी. तेव्हाचा नियम असा होता की हरकतीवर एका तरी सिनेटरची सही हवी. गोर प्रत्येकाला सही आहे का विचारत राहिले. नव्हती. प्रत्येक हरकत त्यांनी फेटाळली, आणि शेवटी स्वतःच्या तोंडाने आकडे वाचले: बुश 271, गोर 266.

उद्या 2.39. भगवंत तिथे सांख्याकडून योगाकडे वळतात, जमलं तर आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.